ब्रेकेज

उदगीरच्या टाऊन हॉलमध्ये
माझं नाव तिसऱ्यांदा चुकलं.
वैजयंती नाही, वैजयंता.
निवेदक म्हणाले, उत्प्रेरणेच्या क्षेत्रातलं मोठं नाव.
उत्प्रेरण, सर. शेवटी काना नाही.
तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या.
शाल आली, नारळ आला.
बाईंना फेटा बांधायचा का, यावर
चालू माईकसमोर दोन मिनिटं चर्चा झाली.

मागच्या बॅनरवर परीक्षानळी,
तिच्यातून निळा धूर.
निळा धूर नक्की कशाचा,
तीस वर्षांत मला सापडलेलं नाही.

शेवटच्या रांगेत, दाराजवळ,
पंख्याखालची खुर्ची दुसऱ्याला देऊन बसलेले
खाजामियाँ. कॉलेजच्या लॅबमधले.
सिल्व्हर नायट्रेटनं काळी पडलेली त्यांची बोटं
आमच्या बॅचला जन्मखूण वाटायची.
परीक्षेच्या दिवशी त्यांचा फडका
डाव्या खांद्यावर असला की क्लोराइड,
उजव्या असला की सल्फेट,
असं पोरं एकमेकांना सांगायची.
पोरींपर्यंत ते नीट पोचलंच नाही.

मला नायट्रेट आलं होतं.
फेरस सल्फेट घालून आम्ल सोडायचं
नळी तिरकी धरून, कडेकडेनं,
म्हणजे दोन थरांच्या मधे
तपकिरी कडं उमटतं. एवढंच असतं ते.
मी नळी हलवली.
घाबरून, डब्यातलं ताक हलवावं तशी.
सगळं गढूळ, बोटांना चटका,
कागदावर चिमूटभर मीठ उरलेलं,
आणि लातूरहून आलेले परीक्षक
चहा संपवून माझ्याच टेबलाकडं निघालेले.

खाजामियाँनी उत्तर सांगितलं नाही.
फडका खांद्यावर नव्हताच, हातात होता.
माझी नळी त्यांनी काढून घेतली,
कोरडी दुसरी दिली,
आणि बेसिनकडं जाता जाता पुटपुटले,
"हलवूलालीस कशाला? त्याचं त्याला होऊ दे."

मग बेसिनमध्ये काच फुटली.
सगळे तिकडं वळले, परीक्षकसुद्धा.
तेवढ्या वेळात माझं कडं आलं.

ब्रेकेज रजिस्टरातली त्या दिवशीची नोंद
मी नंतर बघितली:
परीक्षानळी, नग एक, हातातून निसटून.
दीड रुपया, पगारातून.
खाली उर्दूत सही.

मनोगताला मला दोन मिनिटं होती.
सरांची नावं घेतली, आईचं घेतलं.
खाजामियाँचं घेतलं नेमकं तेव्हा
उशिरा पोचलेल्या प्रमुख पाहुण्यांसाठी
बाहेर फटाक्यांची माळ लागली.
पुन्हा घ्यायला हवं होतं.
मी पाण्याचा घोट घेतला आणि आभाराकडं वळले.

खाली उतरून स्मृतिचिन्ह त्यांच्या हातात दिलं.
फ्लास्कच्या आकाराचं, भरीव काचेचं,
आत सोनेरी अक्षरात वैजयंती.
त्यांनी ते ट्यूबलाइटसमोर धरलं,
धुतलेलं भांडं धरायचे तसं,
डाग राहिलाय का बघायला.
उलटं केलं. अंगठ्यानं गळा चाचपला.
"ह्याला तोंडच नाही की गं."
"नाही चाचा."
"मग बेस झालं. धुवायची कटकट नाही."

खांद्यावरच्या रुमालानं पुसून
त्यांनी ते मला परत दिलं.
डाव्या खांद्यावरच्या.
क्लोराइड, मी मनात म्हटलं.