पर्यंत

श्रीरंग, इकडे बस. पंखा जरा कमी कर,
कागद उडतोय.
तुझ्या आईनं देवापुढे ठेवला होता ना,
कुंकू लागलंय,
नेमकं आकड्यावर.

तेवीस वर्षं मी सियागंजातल्या व्यापाऱ्यांची खाती तपासते.
हळद, हिंग, सुतळी.
माणूस कुठे कचरला ते कागदावर दिसतं मला.
बेसबॉल मात्र कळत नाही.
एकदा आले होते चिमणबागेत तुला बघायला,
चौरसिया सरांनी खुर्ची दिली, भर उन्हात.
तू त्या उंचवट्यावर उभा राहून
कितीतरी वेळ काहीच केलं नाहीस,
मग एकदम केलंस.
एवढंच आठवतं, आणि चामड्यात चेंडू बसल्याचा आवाज.

तर वाचू.
शिष्यवृत्ती हा शब्द घरातल्या सगळ्यांनी वाचला,
वहिनीनं मावाबाटीही वाटून टाकली.
त्याच्या शेजारी कोण बसलंय, ते कुणी पाहिलं नाही.
शिक्षण शुल्काच्या चाळीस टक्क्यांपर्यंत.
पर्यंत.
दिवाळीत क्लॉथ मार्केटात पाटी लागते बघ,
पन्नास म्हशीएवढं, पर्यंत मुंगीएवढं.
पाच टक्के दिले तरी ते खोटं बोलले नाहीत.

आणि शुल्क म्हणजे फक्त वर्गात बसण्याचं.
खोली वेगळी, जेवण वेगळं,
विमा वेगळा, पुस्तकांना दिलेत काहीतरी, ते बरं केलं.
मी बेरीज केली डॉलरात,
मग रुपयांत केली,
मग पाणी पिऊन आले आणि पुन्हा केली.
दादानं सुदामानगरच्या प्लॉटची फाईल
दिवाणावर आणून ठेवलीय, बोलत काही नाही,
नुसती दोरी सोडतो, बांधतो.

तिसऱ्या पानावर बघ. एका वर्षापुरतं.
पुढच्या वर्षी प्रशिक्षकाच्या मर्जीनं.
मर्जी हा शब्द त्यांनी चांगल्या कपड्यांत घातलाय,
पण मी ओळखते त्याला.

फोनवर काय म्हणाला तो माणूस, पहाटे साडेचारला?
तुझा हात फार आवडला म्हणाला.
बरं.
आणि बाकीच्या तुझ्याबद्दल?

चिडू नकोस. वाईट माणसं नसतील ती.
त्यांच्याकडेही ठरलेला पैसा असणार, वीस-पंचवीस पोरं,
प्रत्येकाला थोडं थोडं, तुकडा तुकडा,
आपण नाही का लग्नात शेवटच्या पंगतीला
श्रीखंड चमच्यानं वाढत?

आता माझं एक.
मे महिन्यात तू पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतोस.
परवा उसळीसाठी फ्रीजरमधली मटाराची पिशवी काढली,
तर दाणे सुटे नव्हते, दगडासारखा गोळा.
म्हणजे वितळले होते, पुन्हा गोठले होते,
बऱ्याचदा.
वहिनीला वाटलं, लाईट जाते म्हणून.
मी हिशेब लावला. मला दुसरं काही येतच नाही.

कोपर दाखव.

नको दाखवू. राहू दे.
हे घे पेन. त्यांना प्रश्न विचारायचेत,
तुझ्या अक्षरात, मी सांगणार नाही फारसं.
पर्यंत म्हणजे नेमकं किती, लिहून द्या.
दुसऱ्या वर्षी काय.
आणि हात बिघडला,
तर वर्गातली जागा राहते का.
हा तिसरा प्रश्न पहिला लिही.

तू पेन दोन बोटांत धरलंयस,
चेंडूची शिवण धरावी तसं.
बाहेर पिंट्याचा बाप स्कूटर सुरू करतोय, होत नाहीये.
कागदावर तुझी सावली आहे,
कुंकवावर, चाळीसवर,
आणि तू कितीतरी वेळ
काहीच करत नाहीस.