एकवीस तास

आठवड्याला घरटी एकवीस तास.
निबिया वहीत मांडायची, पेन्सिल कानामागे खोचून.
कुणी दोन तास कमी भरले
की बोलायची नाही, नुसती बघायची.

मोन्तेविदेओच्या कडेला, जिथे बसचा शेवटचा थांबा
आणि पुढे नुसतं गवत,
तिथे आम्ही पन्नास कुटुंबं विटा रचत होतो,
आणि कुठलं घर कुणाचं, कुणालाच ठाऊक नव्हतं.
नियमच तसा. आधी बांधा, मग चिठ्ठ्या.
म्हणून प्रत्येक भिंत ओळंब्यात.
निदान मी तसं समजत होते.

मी इस्पितळाच्या चादरी धुते, रात्रपाळीत.
थापी धरायला शिकले एकेचाळिसाव्या वर्षी.
जुलैतला शनिवार, थंडी हाडांत शिरलेली,
एकोणतीस नंबरच्या न्हाणीत फरशी बसवताना
एक ओळ तिरकी गेली. बोटभर.
सिमेंट ओलं होतं. उकरता आली असती.
पण बाहेर येर्बाचा कडू तुंबा हातोहात फिरत होता
आणि माझी पाळी आली होती.

आराखड्यावरून भांडलो ते वेगळंच.
फाकुंदो, नकाशे काढणारा पोरगा, तसा गुणी,
पण मधल्या जागेत त्यानं मोटारी उभ्या केलेल्या.
वॉशिंग्टन म्हणाला, मोटार आहे कुणाकडे?
हात मोजले. मोटारी कुंपणाबाहेर गेल्या.
मग स्वयंपाकघरांच्या खिडक्या अंगणाकडे वळल्या,
भांडी घासता घासता कुणाचंही पोर दिसावं म्हणून.
बाक किती लांब हवा, यावर दीड तास.
शेवटी चौघी मावतील एवढा,
त्यातली एक माझ्याएवढी धरून.

चिठ्ठ्या निघाल्या पातेल्यातून.
मला सतरा. एकोणतीस सुल्माला,
जिचा माझ्याशी अबोला होता सहा महिने,
वाळूच्या पाट्यांवरून.

आठ दिवस मी तिच्या दाराकडे पाहिलं नाही.
नवव्या दिवशी थापी घेऊन गेले.
म्हणाली, राहू दे,
त्या ओळीनं पाणी बरोब्बर मोरीकडे जातं.
मग जरा थांबून,
तुझी ती मागची खिडकी नीट लागत नाही ना?
ती माझी.

हप्ता परवडतो. घर विकता येत नाही,
सोडून गेलं तर घातलेलं तेवढं परत.
भाऊ विचारतो, मग ते तुझं कसं?
मी म्हणते, निबियाची वही बघ.

वारा सुटला की खिडकी वाजते.
कागदाची घडी खोचते फटीत.
दुरुस्त करीन कधीतरी.
सुल्मा रोज विचारते, केलीस का?