बेवड

कीथलीच्या टेकडीवर, बंद गिरणीच्या धुराड्याच्या पाठीशी
मला अडीच गुंठे मिळाले,
चार वर्षं यादीत थांबल्यावर.
सोबत मोडकं फाटक, भोक पडलेली झारी
आणि शेजारच्या तुकड्यात रेमंड ओल्डरॉइड.

पहिल्या शनिवारी दुकानातून खताचा खोका आणला.
वर सरळ छापलेलं : मासे, रक्त, हाडं.
इतकं सरळ तर इथे कुणी हवामानाबद्दलही बोलत नाही.
मी मुठीनं फेकत होते.
रेमंड कुंपणाशी आला, नाक वर केलं,
आणि शेडमध्ये जाऊन दार ओढून घेतलं.

नंतर कळलं, फ्लास्कमधल्या चहासोबत, तुकड्यातुकड्यानं :
एकतीस वर्षं ब्रॅडफर्डच्या कत्तलखान्यात.
आधी फरशी धुवायला, मग सुरीवर.
"तो वास पगार घेऊन पुष्कळ घेतला," म्हणाला,
"आता फुकट नको."

त्याच्या वाफ्यांना शेण नाही, लेंडी नाही.
ऑक्टोबरात तो वालासारखं काहीतरी पेरतो,
खायला नाही, मोडायला.
फुलावर आलं की कापून जागच्या जागी निजवतो.
एकदा मूळ उपटून माझ्या तळहातावर ठेवलं,
गाठ नखानं फोडली : आतून गुलाबी.
"एवढंच रक्त लागतं," म्हणाला.

तारेच्या पिंजऱ्यात रस्त्यावरची पानं,
दोन हिवाळे, कुणी हात लावायचा नाही.
पिंपात कॉम्फ्री कुजते;
त्या वासाची तक्रार समितीकडे गेलीय. दोनदा.
वादळानं पाडलेली फांदीसुद्धा
चिरफळ्या होऊन वाटेवर पसरते, आणि तीन वर्षांनी
वाट खणून तो वाफ्यात घालतो.

आणि ही गांडुळं, मी विचारलं, ही चालतात?
"ती इथे राहतात. मी ठेवलेली नाहीत."

सिन्नरला भावाला फोन केला. तो हसला :
शेणाशिवाय? मग माती खाणार काय?
मग जरा थांबून, आवाज बदलून :
ताग गाडायचो आपण. आठवतो?

आठवला. माझ्या डोक्याइतका उंच, पिवळा,
आणि त्यावरून नांगर फिरताना
फुलं मोडतात म्हणून बांधावर बसून रडणारी मी.
नांगराला बैल होते, हे रेमंडला सांगितलं नाही.
मग सांगितलं.
"नावं होती त्यांना?"
होती. हरण्या आणि मोरा.
तो बराच वेळ फावड्याला चिकटलेली माती खरवडत राहिला.
"आमच्याकडे नंबर असायचे."

पहिल्या वर्षी माझं बीट गोट्यांएवढं.
खोका शेडमध्ये तसाच, अर्धा, तोंड दुमडून.

बेवड हा शब्द त्याला समजवायला अख्खी दुपार गेली.
मागचं पीक पुढच्यासाठी जमिनीत जे ठेवून जातं, ते.
खत नव्हे. घालत नाही कुणी.
"बेव्हाड," तो म्हणाला, दातात बी अडकल्यासारखा.
"वाईटही असतो का?"
असतो, म्हटलं. ज्वारीचा असतो.
पण जमीन एक हंगाम पड ठेवली की निघून जातो.
"एकच हंगाम?"
मला शेतीतलं तेवढंच माहीत होतं.
मी झारीचं भोक बोटानं दाबून धरलं.

नोव्हेंबरात त्यानं लाकडी पट्टीवर
पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरांत, शब्द लिहिला
आणि मोकळ्या वाफ्यात खोचला.
मिसेस थॅक्रे कुत्रा घेऊन चालल्या होत्या, थांबल्या.
ही कुठली भाजी? कधी येते?

रेमंड पाणी भरत होता.
"खाली आहे," म्हणाला.
"मलाही अजून दिसलेली नाही."