पाव आणायला

शनिवारी सकाळी आम्ही पाव आणायला निघालो.
चौघंही, कारण मालेनाला घरात बसायचं नव्हतं
आणि सासूबाई एकट्या राहिल्या की कपाटं आवरतात.
त्यांच्या पायात घरातल्याच निळ्या सपाता.

बेकरी डावीकडे. ओरासियो सरळ गेला.
"चुकलं," मी म्हटलं.
"हो," म्हणाला, आणि गिअर बदलला.
सोमवारची सुट्टी जोडून आलेली,
तीन दिवस कुणी त्याला खिळ्यांची मापं विचारणार नव्हतं.
बाहिया ब्लांकाची धान्याची कोठारं
आरशात मावेनात, मग मावली,
मग आरशात नुसतं गवत.
मागून एउलालिया, माझ्या सासूबाई:
"पाव फार लांब मिळायला लागलाय हल्ली."

पहिला थांबा कांद्यापाशी.
दुमजली, सिमेंटचा, गावानं वर्गणी काढून बांधलेला,
पोटाला दार, आणि दारात एक बाई मध विकत बसलेली.
कांद्यात मध का?
"भाडं कमी पडतं," ती म्हणाली.
सासूबाई आत गोल फिरून आल्या:
"एवढा मोठा, आणि डोळ्यांत टिपूस नाही. फसवणूक आहे."

पुढे पेट्रोलपंपावर एक पाळीव न्यांदू,
शहामृगाचा गरीब चुलतभाऊच म्हणा,
त्यानं माझ्या हातातली यादी खाल्ली.
पाव, लोणी, दोन बल्ब, सगळं एका घासात.
"आता पुरावाच नाही," मालेना म्हणाली.
कानातलं काढून बोललेलं तिचं दिवसातलं पहिलं वाक्य.

बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात कुलपांचं संग्रहालय होतं.
चारशे कुलपं, किल्ली एकाचीही नाही.
म्हातारा मालक संग्रहालयाला कुलूप लावत नाही.
"कशाला? धास्तीच वाटते."

दुपारी गाडीनं मान टाकली.
बॉनेटमधून वाफ, दोन्हीकडे काटेरी झुडपं,
वारा असा की दार उघडलं तर मिटेना.
पाण्याची बाटली एक, तीही अर्धी.
आणि वीस पावलांवर
तहानेनं मेलेल्या त्या बाईचं देऊळ,
पत्र्याचं, खुराड्याएवढं,
भोवती बाटल्याच बाटल्या.
जाणारा येणारा ड्रायव्हर ठेवून जातो,
तिला आता तरी पुरावं म्हणून.
ती वाळवंटात गेली, तान्हं मात्र तिच्या छातीशी जिवंत सापडलं म्हणतात.

ओरासियोनं बाटल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बुटांकडे.
मेलेल्या तहानेचं पाणी रेडिएटरला?
आमची तोंडं शिवलेली.

सासूबाई उतरल्या.
सपाता फटफटवत गेल्या, वाकल्या,
शेजारणीकडे साखर मागावी तशा म्हणाल्या,
"तीन नेतेय गं. परतताना सहा आणते.
तुलाही लेकरू होतं, तुला कळतं,
पोरांची गाडी बंद पडली की काय होतं ते."
थोडं थांबल्या. उत्तर आलं असावं.
तीन बाटल्या पोटाशी धरून आल्या.

संध्याकाळी समुद्र लागला.
त्याचं काय सांगू, थंड होता, करडा होता.
रात्री एका खाणावळीत चौघं एका खोलीत झोपलो,
ओरासियो घोरला, आणि कुणीच त्याला ढोसलं नाही.
रविवारी काय केलं? काही नाही.
मालेनानं आजीला शिंपले दाखवले,
आजीनं त्यातले निम्मे नापास केले.

सोमवारी परतताना अंधार पडला होता.
सहा बाटल्या मी मोजून घेतल्या होत्या.
सासूबाईंनी एकेक ठेवली, सातवा तो मध.
"हा व्याजाचा," म्हणाल्या.

घरी पोचलो तेव्हा बेकरी कधीच मिटलेली.
रात्री साडेअकराला आम्ही बिस्किटं खाल्ली.
सपाता दाराशी काढलेल्या,
उसवलेल्या टाचेत रेती.
सकाळी मी झाडू घेऊन आले,
तशीच उभी राहिले थोडा वेळ,
मग झाडू भिंतीला टेकवला
आणि पाव आणायला निघाले. चालत.