चकण्याचा हिशेब

सगळ्यात जास्त बार कुठल्या गावात,
यावर चार नंबरच्या टेबलाला पैज लागली.
नागपूर, म्हणाला बदलीवर आलेला ठवकर.
सोलापूर, म्हणाला दुसरा,
आणि पोलिसातल्या मेव्हण्याचा दाखला दिला.
खैरनार लेथवाला म्हणाला, अरे, ह्या फुटाणेवाल्याला विचारा,
ह्याची लुना सगळीकडे जाते.

मी पुड्या मोजत होतो.

गंगापूर धरणाकडच्या वायनरीत माझा माल चालत नाही,
तिथे लोक ग्लास हुंगतात, चीज खातात.
माझं नाशिक सातपूरची दुसरी पाळी सुटते तिथून सुरू होतं.
लाल बल्ब, हिरवा पडदा,
'फॅमिली रूम वर आहे' अशी पाटी,
वर कुणाची फॅमिली गेलेली मी पाहिली नाही.
अशोकनगरला नऊ डझन, अंबडला चौदा,
सिडकोत एकाच गल्लीत तीन परमिट रूम
आणि तिघांचंही नाव समाधान.
नाशिकरोडला पगार झाला की दुप्पट.
श्रावणात पोतं तसंच घरी येतं,
बायको म्हणते, खा आता आपणच.

एकूण आकडा मी सांगितला नाही.
मोजायला मी धंद्यात शिकलो नव्हतो.
सातवं वर्ष, हातात बॅटरी,
आई म्हणायची, बघून ये रे, कुठे बसलाय.
आत जायचं नाही. पडद्याखालून चपला बघायच्या.
डाव्या पायाचा अंगठा तारेने शिवलेली, ती आपली.
एक. दोन. भद्रकालीचा कोपरा, तीन.
कधी पाचव्यात सापडायचा, कधी अकराव्यात,
सापडला की मोजणी बंद.
पुढचे बार त्या रात्रीपुरते
गावात नव्हतेच.

परवा काळू भोये, सुरगाण्याचा वेटर,
पडदा धरून उभा होता,
बाहेर एक मुलगी, शाळेचाच फ्रॉक,
वाकून जमिनीलगत काहीतरी शोधत होती.
काळूने मान हलवली. आज इथे नाही.
मी तिला फुटाण्यांची पुडी दिली.
तिने आधी किंमत विचारली.
मग पुडी मुठीत घट्ट धरून,
पुढे अजून किती आहेत, काका?

मला तोंडपाठ होते.
दोनच, म्हणालो.