चौथं माप

मिशन हॉस्पिटलातले डॉक्टर बदली होऊन गेले,
जाताना एक खोका आमच्या उंबऱ्यावर ठेवून गेले.
त्यांच्या बायकोच्या तानपुऱ्याची तडा गेलेली तबली
मी पैसे न घेता सांधली होती, त्याची ही परतफेड.
"पोरीला होईल," म्हणाले.

आत विटा. नखाएवढ्या, पाठीवर बटणं असलेल्या.
चाकं, एक मोटार, सहा सेलांची डबी, वाकडे रूळ,
आणि बांधायचं पुस्तक, एकतिसाव्या पानापर्यंतचं.
पुढची पानं कुणी फाडली देव जाणे.

नौशीननं दोन दिवसांत एकतीस पानं बांधली.
तिसऱ्या दिवशी विचारते,
"अब्बा, इंजिनाला तोंड कसलं असतं?"
म्हटलं, मिरजेत राहून हे मला विचारतेस?
सायकल काढून पुलावर गेली,
दिवे लागताना परतली
तळहातावर मालगाडीचं तोंड काढून घेऊन.
म्हणून आमच्या इंजिनाचा एक डोळा पांढरा, एक हिरवा.
पांढऱ्या विटा संपल्या होत्या.

रूळ टाकले कारखान्यातच.
वाळत ठेवलेल्या भोपळ्यांना वळसा घालून,
सरसाच्या शेगडीपासून हातभर दूर,
अर्धवट दांड्या टेकवल्यात त्या भिंतीखालून.
गोल मिटायला सोळा तुकडे लागतात.
खोक्यात पंधरा.

गाडी सुटायची, भोपळ्यांमागे दिसेनाशी व्हायची,
पलीकडून यायची, आणि फटीशी
नौशीन तिला अलगद उचलून पुढच्या रुळावर ठेवायची.
पुन्हा. पुन्हा.
जेवायला हाक मारली तर म्हणाली,
"मी कशी येऊ? मी पूल आहे."

माझी पाठ तिच्याकडे. हातात घोडी, कानस.
जवारी काढताना मला बोललेलं चालत नाही,
घरातल्यांना ठाऊक आहे.
पण मोटारीचं काय करणार?
सरळ रुळावर ती एक सूर धरायची,
वळणावर पाव स्वर उतरायची.
मी तार छेडावी, ती उतरावी.
मी कानस घासावी, ती चढावी.
दुपारभर आम्ही दोघं एकमेकांना बिघडवत बसलो.

रात्री झोप नाही.
स्टेशनावरची बाई कुठल्याशा गाडीचा उशीर सांगत होती,
आधी मराठीत, मग हिंदीत, मग दिलगिरी.
आमचे वडील सांगायचे,
तीन मापांचे रूळ होते या गावात:
मोठं, मधलं, धाकटं.
धाकट्या गाडीतून उतरून पळत जाऊन
चालत्या चहावाल्याला गाठता यायचं म्हणे.
आता एकच माप उरलंय.
उठलो, दिवा लावला,
पोरीच्या रुळांमधलं अंतर पट्टीनं मोजलं.
दीड इंच, किंचित कमी.

तुणाचा एक तुकडा पडून होता,
सतारीला आखूड, जाळायला जड.
बाक दिला. दोन कडा उठवल्या.
पॉलिश पेपर, मग खोबरेल, मग पुन्हा पेपर.
पहाटेची बांग झाली तेव्हा
सोळावा तुकडा हातात होता, तपकिरी,
पंधरा करड्या भावंडांत एकटाच झाडाचा.

सकाळी तिनं काही विचारलं नाही.
बसवला. बटण दाबलं.
कर्र, कर्र, कर्र, प्लॅस्टिकवरून कोरडी गेली,
भोपळ्यांमागे गेली, आली,
आणि लाकडावर चढली तशी
आवाज खाली उतरून रुंद झाला,
क्षणभरच, वीतभर,
आणि जवळच्या दोन रिकाम्या भोपळ्यांनी तो
आपल्या पोटात घेऊन परत दिला.

नौशीननं माझ्याकडे पाहिलं.
"अब्बा, इथं ती गाते."
"गात नाही. डब्याचं मागचं चाक घासतंय. आण इकडं."

चाक दुरुस्त केलं नाही अजून.
अकरा वाजता इचलकरंजीहून आवटी मास्तरांचा फोन:
सतार कधी देताय?
मी जमिनीवर पालथा, कान रुळाला.
म्हटलं, मास्तर, चार दिवस थांबा,
लाकूड ओलं आहे.