शून्याची उंची

तीस वर्षं मी पाटबंधाऱ्यात लेव्हल घेतली.
तिपाई रोवायची, बुडबुडा मधोमध आणायचा,
आणि लांब उन्हात पट्टी धरून उभ्या सुखदेवला
हातानंच सांगायचं: जरा डावीकडे. बस. हलू नको.

म्हणून लेकीनं हॉलंडची तिकिटं पाठवली
तेव्हा फुलांचं मला काही नव्हतं.
तशीही ती संपलेली. मे अर्धा झाला होता,
ताटव्यांत नुसते देठ, आणि एक माणूस
गळून पडलेल्या पाकळ्या झाडत होता.

युट्रेक्टला कालव्याच्या काठाशी तळघरं,
तळघरांत खानावळी, डोक्यावरून सायकली.
सुटाबुटातला बाप्या, पुढच्या पेटीत दोन पोरं.
कुंदा बघत राहिली. म्हणाली,
एम्प्रेस मिलचा भोंगा झाला की
आपल्याकडेही असाच लोंढा निघायचा, आठवते?
आठवते. डबे वाजायचे हँडलला.

गिटहोर्नच्या जुन्या वस्तीत रस्ताच नाही.
घरापुढं पाणी, पाण्यावर ज्याचा त्याचा पूल.
नावेत बसल्या बसल्या तिनं मोठ्यानं विचारलं,
काहून जी, इथं भांडण झालं
तर बाईनं पाय आपटत जायचं कुठं?
नावाड्याला मराठी येत नव्हतं,
तरी तो हसला.
त्याची वल्हवत जात असेल.

किंडरडाइकला सगळ्यांनी पवनचक्क्यांचे फोटो काढले.
मीही काढला, पंख्याचं एक पातं कापलं गेलं त्यात.
मला बघायचा होता पाण्याचा चढ.
खालच्या चरातलं पाणी मधल्यात,
मधल्यातलं नदीत.
वारा पडला तर? मी विचारलं.
मृण्मयी म्हणाली, बाबा, आता पंप आहेत.
थोडा हिरमुसलोच.

त्याच वाटेवर, एका शेतात, खांब होता.
खांबावर निळा पट्टा.
माझ्या डोक्याच्या वर, हात उंच केला तरी वर.
बांध नसता, तर समुद्र इथवर आला असता.
खांबाला अंग घासत एक गाय उभी होती,
कानात पिवळा बिल्ला,
समुद्राच्या तळाशी निवांत रवंथ करत.
मी जन्मभर पाणी वरून खाली नेलं.
ही माणसं ते खालून उचलून बाहेर ठेवतात,
रोज,
घरात शिरणाऱ्या त्याच त्या मांजरासारखं.

ॲमस्टरडॅमला शेवटच्या दिवशी त्यांचं शून्य पाहिलं.
एका सरकारी इमारतीत, जिना उतरून,
धातूची एक खुंटी. मुठीत मावेल एवढी.
अख्ख्या मुलखाची उंची आणि खोली हिच्यापासून.
मी सवयीनं खिशात पेन्सिल शोधली.

नागपूरला उतरलो तो नवतपा.
दुसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत,
स्कूटर काढली आणि झिरो माइलला गेलो.
घोडे तसेच उधळलेले, कशालाच न जुंपलेले.
दगडावर कोरलंय: एक हजार वीस फूट, वर थोडे.
किती वर्षं त्याच्या बाजूनं ऑफिसला गेलो.
हे फूट कुणापासून, ते माहीत होतं,
पोटात शिरलं नव्हतं.
कुठल्याशा किनाऱ्यावर कुणीतरी
भरती-ओहोटी वर्षानुवर्षं लिहून ठेवली असेल,
तेव्हा कुठं इथल्या दगडाला कळलं
आपण किती वर आहोत.
पानवाला म्हणाला, काका, काही हरवलं का?

घरी आलो तर कूलरमध्ये पाइप सोडलेला,
आणि गॅलरीतून धकाते वहिनी विचारत होत्या,
काय काय पाह्यलं हो?
पाणी, कुंदा म्हणाली. पाणीच पाह्यलं.
आणि एक गाय.
मग एकदम, अगं बाई, भरला की हो!
नळ बंद करा!

धावलो. बंद केला.
फरशीवर पाणी पसरलं होतं.
मी वाकून, गुडघ्यावर हात टेकून पाहिलं,
उंबऱ्याकडं निघालंय की मोरीकडं.

मोरीकडं.
माझ्याच हातचा उतार आहे तो,
ब्याण्णव सालचा.